हात पोचणार नाही अशी गाडी

साताऱ्यातल्या पहिल्या दुकानदारानं मला जी बॅटरीची सायकल दाखवली, तिच्यात लेकराला पुढं बसवायचं होतं. तीन चाकं, पुढच्या दोन चाकांवर एक मोठी पेटी, पेटीत छोटं बाकडं, वर पावसाचं कापड. चालवणारा मागं, लेकरू पुढं. "मॅडम, लेकरू कायम डोळ्यासमोर आणि हाताखाली," तो म्हणाला. "जरा वळवळ केली की टप्पकन हात पोचतो." आणि त्यानं सीटवर बसून हात पोचवूनही दाखवला. बाकड्यावरच्या हवेला त्यानं एक चापट मारली.

मी म्हटलं, "हात पोचणारी नको."

त्याला वाटलं मी चुकून उलटं बोलले. "व्हय, तेच म्हणतोय मी, हात पोचतोय की."

"अवो, पोचणारी नको म्हणतीय. हात पोचणार न्हाई अशी हाय का?"

तो त्याच्या जोडीदाराकडं बघून हसला. बास, माझं डोकं सटकलं. बायकांना गाडीतलं काय कळतंय, असं ते हसणं होतं. मी त्या पेटीला अशी लाथ घातली की माझ्याच चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन, त्याच्या सात पिढ्या काढत मी दुकानाबाहेर पडले. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघू देत. मला त्यांची सवय आहे आणि आमच्या भागाला माझी.

खरं कारण मी त्याला सांगू शकत नव्हते. इथं सांगते. गाडी चालवता चालवता मी माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या थोबाडीत मारली होती. गाडी पडली आणि लेकीचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आणि हे जगात फक्त दोघींना माहीत होतं, मला आणि तिला.

आता माझा राग कुठून आला ते सांगायला पाहिजे. मी सांगलीची. वडील फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि मार्केट यार्डात वॉचमन लागले. त्यांचा हात म्हणजे हात होता. हळदीच्या गोदामात त्यांनी एकदा दोन चोर धरले, तर त्यांना पोलिसांच्या आधी दवाखान्यात न्यावं लागलं. घरात आम्हा तिन्ही बहिणींना त्या हाताची ओळख होती. पाढा चुकला, दूध उतू गेलं, दार उघडायला उशीर झाला, की हात. आणि गंमत अशी की आम्हाला त्याचा अभिमान होता. पाहुण्यांत कुणी भांडलं, कुणाच्या कानाखाली आवाज निघाला, की म्हातारी माणसं माना डोलवायची. "आमच्या घराण्याचा हात हाय त्यो," म्हणायची. जसं कुणाच्या घराण्यात गळा असतो तसा आमच्यात हात.

माझं लग्न झालं ते सख्ख्या आत्याच्या मुलाशी. आमच्यात चालतं ते. त्यामुळे माझी सासू म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नाआधी मी तिला अगं-तुगं करायची, लग्नानंतर आवं-जावं करायला लागले, पण हाक आत्याच राहिली. नवरा फौजेत. वर्षातून दोनदा येतो, बाकी फोनवर असतो. साताऱ्यात गोडोलीत आम्ही तिघी राहतो. आत्या, मी आणि लेक. आत्याचे गुडघे गेलेत, पण जीभ आणि हात शाबूत आहेत.

मी भाकरीच्या ऑर्डरी घेते. पहाटे परसातल्या चुलीवर बसायचं, थापून भाजून डबे भरायचे आणि दोन मेसना आणि हायवेवरच्या एका धाब्याला पोचवायचे. त्याच वाटेवर लेकीची बालवाडी. आत्याला चालवत नाही, रिक्षा रोज परवडत नाही, म्हणून सगळं एका खेपेत. जुनी पेट्रोलची स्कूटर होती. मागच्या सीटवर दोरीनं बांधलेले डबे आणि पुढं पाय ठेवायच्या जागेत लेक उभी, हँडलला धरून. आमच्याकडं सगळी लेकरं अशीच जातात. मला कधी त्यात वावगं वाटलं नाही. आणि खरं सांगू, ती तिथं उभी असली की माझ्या डाव्या हाताला ती फार जवळ पडायची.

त्या दिवशी उशीर झाला होता. लाकडं ओली होती, भाकरी फुगत नव्हत्या, मेसवाल्याचे तीन फोन येऊन गेले होते. लेकीनं हॉर्नचं बटन दाबायला घेतलं. एकदा झालं, दोनदा झालं. पोवई नाक्याच्या पुढं उतारावर मी म्हटलं, "दाबू नको." तिनं दाबलं. शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं खिडकीतून मान काढून मला आईवरनं शिवी दिली. मी त्याला दुप्पट दिली. लेक हसली आणि परत हॉर्न दाबला.

माझा डावा हात सुटला. मी ठरवलं नव्हतं. हात डोक्याला विचारत नाही, तेच तर त्याचं आहे. थोबाडीत बसली ती इतकी जोरात की तिचं डोकं आरशाच्या दांडीवर आपटलं. तिनं घाबरून हँडल ओढलं, माझा एकच हात हँडलवर, गाडी आडवी झाली. डबे फुटले. उतारावर भाकरी चाकासारख्या गडगडत गेल्या, हे मला अजून दिसतं. लेक गाडीखाली होती. ती रडत नव्हती. माझ्याकडं बघत होती, आणि मी उचलायला वाकले तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून तोंडापुढं हात धरला. अजून एक बसेल असं तिला वाटलं होतं.

माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "काय झालं, ताई?"

मी म्हटलं, "कुत्रं आडवं आलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही कुत्रं आडवं आलं. नवऱ्याला फोनवर, कुत्रं आडवं आलं. आत्याला घरी आल्यावर तेच. लेकीचा हात झोळीत बांधलेला, गालावर माझी बोटं उमटलेली. ती बोटं गाडी लागल्याची आहेत, असं सगळे धरून चालले. संध्याकाळी शेजारीण आली, तर लेकच पुढं होऊन म्हणाली, "कुत्रं आडवं आलं. काळं कुत्रं." काळं हे तिनं स्वतःच्या मनानं घातलं. तिला वाटलं असणार की मम्मी सांगतेय ते नीट सांगायला पाहिजे. मी तिला हळद-दूध दिलं आणि त्यात साखर जास्त घातली. दुसरं काय करणार होते!

आता आमच्या गल्लीत एक काळं कुत्रं होतं. कान फाटलेलं, म्हातारं, कुणाच्या वाटेला न जाणारं. मी त्याला करपलेल्या भाकरी टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गुडघे धरत उठली, धुण्याचं धोपटणं घेतलं आणि पायरीवर बसून राहिली. कुत्रं नेहमीसारखं भाकरीसाठी आलं. आत्यानं त्याला "यू यू" करून जवळ बोलावलं. आणि घातला. पहिला पाठीत, दुसरा मागच्या तंगडीवर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. कुत्रं केकाटत तीन पायांवर पळालं, तर समोरच्या घरातून दोघं बाहेर आले. कारण कळल्यावर त्यांनीही दगड घातले. "पोरीचं हाड मोडलं भाड्यानं! हाणा!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या उंबऱ्यात उभी राहून बघितलं, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

लेक माझ्या मागं येऊन उभी होती. ती म्हणाली, "आजी, ह्यानं न्हाई केलं."

आत्या धापा टाकत म्हणाली, "मग दुसऱ्यानं केलं असंल. सगळी एकाच माळंचं मणी."

लेक अजून काही बोलणार, तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला आत घेतलं. हळूच ठेवला, पण ठेवला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला आत्यानं दृष्ट काढली. मुठीत मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या. लेकीला पूर्वेकडं तोंड करून बसवलं आणि मूठ तिच्यावरून उतरवत पुटपुटायला लागली. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, आईची, बापाची, जी लागली असंल ती जाऊ दे. "आईची" म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती, ते आपलं म्हणायचं असतं म्हणून म्हणत होती. मग मूठ चुलीत टाकली. मिरच्या जळाल्या. आता मिरच्या जळाल्यावर ठसका लागतो, खोकून जीव जातो. ठसका लागला नाही तर समजायचं, दृष्ट लय कडक होती. त्या दिवशी वारं परसाबाहेर वाहत होतं की काय देव जाणे, कुणाला खोकलासुद्धा आला नाही.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "जबर लागली हुती. जिनं माझ्या नातीला नजर लावली, तिच्या हाताला किडं पडतील. लिहून ठेव."

मी "व्हय, आत्या" म्हटलं आणि भाकरीचं पीठ चाळायला बसले. आपल्याच हाताला मिळालेल्या शापाला आपणच व्हय म्हणणं काय असतं, ते मला विचारा.

मी काय सुधारले नाही का? ठरवलं तर होतं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात शपथ घेतली. तिचा हात झोळीत होता तेवढे दिवस पाळली. झोळी निघाली आणि आठ दिवसांत तिनं पिठाच्या डब्यात पाणी ओतलं. हात वर गेला. पण घरात मी एक युक्ती शिकले होते. राग आला की तडक परसात जायचं आणि पिठाचा गोळा परातीत आपटायचा. शेजारचे म्हणायचे, हल्ली भाकरीचं पीठ लय मळतीस बाई. त्या दिवशीही मी परसात गेले. घरात परस असतं. गाडीवर कुठं जायचं? गाडीवर रस्ता असतो, हॉर्न असतात, उशीर झालेला असतो, शिव्या देणारे टेम्पोवाले असतात, आणि लेक डाव्या हाताच्या टप्प्यात असते.

आणि ती खेळायला लागली होती, ते मला बघवेना. बाहुली उशीवर उभी करायची. "गप. हलू नको. हात लावू नको म्हणलं ना?" आणि फाडकन. मग बाहुलीला उचलून, आवाज बारीक करून, "कुत्रं आडवं आलं हं, सोन्या." मी ते दाराआडून ऐकलं आणि दाराची कडी धरून उभी राहिले.

म्हणून मी ठरवलं. हात बदलायला वेळ लागेल, कदाचित जन्म लागेल. गाडी आजच्या आज बदलता येते.

फोनवर मी एकदा परदेशातल्या बायका बघितल्या होत्या. लांबलचक सायकल, तिला बॅटरी, मागं लांब कॅरिअर, त्यावर कठडा आणि कठड्यात दोन-दोन लेकरं. चालवणारी बाई पुढं आणि लेकरं पार मागं. बघितल्या बघितल्या मी मनात अंतर मोजलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कसलं फॉरेनचं खूळ! सरळ बॅटरीची स्कूटर घे की. पुढं पोरगी उभी ऱ्हाईल, मागं डबं."

"पुढं नको."

"का पण? कुत्रं आडवं आलं तर मागं बसलेली पडंल. पुढं असली तर तू धरशील तरी."

सगळे हेच म्हणत होते. तू धरशील तरी. मी फोन ठेवून दिला. त्याला काय सांगणार होते, की तुझ्या लेकीला धरायला जो हात आहे, त्याच हातापासून तिला लांब ठेवायचं आहे?

चौकशी करत करत शिरवळचा पत्ता लागला. तिथल्या कारखान्यांच्या गर्दीत एक लहानसं युनिट होतं, पार्सल पोचवणाऱ्यांसाठी बॅटरीच्या लांब सायकली बनवणारं. मी एस.टी.नं निघाले. लेक बरोबर पाहिजेच होती, बसवून बघायला. आत्या म्हणाली, "मी पण येती. गाडी घेताना घरचं मोठं माणूस लागतंय." गुडघे दुखत असताना खंबाटकीचा घाट उतरून ती आली, आणि वाटेत पुढच्या सीटवरच्या बाईशी बॅग ठेवण्यावरून भांडलीसुद्धा.

तिथला फिटर पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं गाडी बाहेर काढली. दोन चाकं, मागचं चाक लहान, त्यावर लांब, खालच्या अंगाला असलेलं कॅरिअर. "आमी हिला घोरपड म्हणतो," तो म्हणाला. "लांब, बुटकी आणि चिकट. वजन खाली असतंय, म्हणून पडत न्हाई." मला पहिल्यांदा हसू आलं.

मी येताना रोजचे डबे भरून आणले होते, खऱ्या भाकरींचे, खऱ्या वजनाचे. त्याला ते लय आवडलं. "गिऱ्हाईक रिकामी गाडी चालवून बघतंय आणि मग घरी जाऊन रडतंय," म्हणाला. डबे दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत बसले. मग मी एकेक बघितलं. लेकराचा पाय तारांत जाऊ नये म्हणून चाकाला पूर्ण झाकण. सांगलीत आमच्या निम्म्या वर्गाच्या टाचांना सायकलच्या तारांची खूण होती, माझ्याही आहे. दोन पायांचा मजबूत स्टँड, लेकरू चढताना गाडी कलंडायची नाही. पायडल मारलं की मोटर मदत करते आणि ब्रेक दाबला की त्याच क्षणी मोटर बंद. मी ती गाडी आवारातल्या चढावर नेली, मध्येच थांबवली, परत उचलली. सातारचा चढ काढायचा तर हे आधी बघायला पाहिजे. चढली. उतारावर भरल्या वजनाला दोन्ही ब्रेक दाबले. जागेवर थांबली.

"मागं लेकरू काय करतंय ते कसं कळणार?" आत्यानं विचारलं. "हात तर पोचत न्हाई हिचा."

"आरसा लावून देतो," फिटर म्हणाला. "दिसंल."

दिसेल पण पोचणार नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मग लेकीला बसवलं. कठड्यात, गादीवर, पट्टा बांधून, बारकं हेल्मेट घालून. हेल्मेटच्या बंदानं गळ्याला टोचतंय म्हणून तिची कुरकुर सुरू झाली. मी आवाराबाहेरच्या रस्त्यावर गाडी काढली. पहिल्या वळणापर्यंत बरं चाललं होतं. तेवढ्यात मागून एक कंटेनर आला, इतका जवळ की माझा पदर उडाला, आणि कर्कश हॉर्न मारून गेला. मी ओरडले, शिवी दिली. आणि नेमकं तेव्हा लेकीनं हेल्मेट काढून रस्त्यावर फेकलं.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझा डावा हात वळला आणि मागं गेला, पूर्ण ताकदीनं.

काही लागलं नाही. नुसती हवा. खांद्यातून एक कळ निघाली, एवढंच. मी आरशात बघितलं. लेकीनं डोळे मिटून तोंडापुढं हात धरला होता. मग एक डोळा उघडला. माझा हात तिच्यापासून दोन वीत अलीकडं लटकत होता. तिनं त्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ती खदाखदा हसायला लागली. असं हसणं मी तिच्याकडून कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मी हेल्मेट उचललं, बंद सैल करून परत घातलं आणि गाडी वळवली.

आवारात आलो. आत्या खुर्चीवर बसली होती, फिटर शेजारी उभा. मी स्टँड लावला. लेक कठड्यातून ओरडली, "आजी! आजी, बघ! मम्मीचा हात पोचत न्हाई!"

"व्हय गं बाई, तेच म्हणतीय मी मघापासनं," आत्या म्हणाली.

"न्हाई, बघ तरी! मम्मी, मार."

मी तशीच सीटवर बसून राहिले.

"मार की, मम्मी. मघाशी मारलं तसं. आजीला दाखव." तिनं गाल पुढं केला, पट्टा ताणून, जितका पुढं येईल तितका. "आजी, स्कूटरवर पोचत हुता. लय जोरात लागलं. मग आमी पडलो."

फिटरनं मान फिरवली आणि तो आत निघून गेला. भला माणूस.

आत्या खुर्चीवरून उठली. गुडघ्यावर हात न ठेवता उठली, हे माझ्या लक्षात आलं. "आनि कुत्रं?" तिनं नातीला विचारलं.

"कुत्रं न्हवतं," लेक म्हणाली. "मी म्हणलं हुतं की तुला, ह्यानं न्हाई केलं."

आत्या माझ्याजवळ आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं आधी नातीच्या खांद्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, "त्या मुक्या जिवाचं हाड मोडलं गं मी." आणि तिचा हात सुटला. आमच्या घराण्याचा हात. कानाखाली असा बसला की डोळ्यापुढं काजवे चमकले. मी सीटवरच होते, हँडल धरून. मी हात वर केला नाही, तोंड चुकवलं नाही. दुसरी बसली. तिसरीला तिचा हात वर गेला तेव्हा ती स्वतःच रडत होती, आणि हात तसाच वर ठेवून उभी होती.

मागून लेकीचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. बाहुलीशी बोलताना करते, तसा बारीक आवाज होता.

"मम्मी, तू हितं ये."

मी वळून बघितलं. ती गादीवर एका बाजूला सरकली होती, पट्ट्यानं जेवढं सरकू दिलं तेवढी, कठड्याला अगदी चिकटून. रिकाम्या जागेवर तिनं हातानं दोनदा थोपटलं.

"हितं न्हाई कुणाचा हात पोचत. ये की."